अमेरिकेचं स्थळ : पगाराआधी कागद विचारा!

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांना सुरुवात होते. त्यातच नाताळच्या सुट्टीत परदेशातले मुलगे तीन-तीन आठवड्यांची रजा काढून घरी येतात. मग काय विचारता! चार दिवसांत पाहण्याचे कार्यक्रम, आठव्या दिवशी साखरपुडा, लगोलग लग्न आणि एकविसाव्या दिवशी मुलगा परत विमानात. हल्ली मुलं-मुली आधी फोनवर एकमेकांना बघून महिनोन् महिने बोलतात हे खरं, पण लग्न उरकण्याची घाई अजून तीच आहे.

मुलीकडची मंडळी चौकशी करत नाहीत असं नाही. पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात कोण कोण, पत्रिका, गोत्र, सगळं विचारून होतं. मुलगा मांसाहार करतो का, हेही एखादी आत्या हळूच विचारून घेते. पण "तुम्ही तिथे कोणत्या कागदावर राहता?" हा प्रश्न विचारायला सगळ्यांनाच संकोच वाटतो. समोरच्याला अपमान वाटेल अशी भीती असते. खरं तर मुलीचं पुढचं सगळं आयुष्य या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरायचं असतं. ती लगेच जाईल की काही वर्षं माहेरीच राहील, तिथे नोकरी करू शकेल की नाही, आणि दुर्दैवानं संसार मोडलाच तर तिला तिथे उभं राहायला जागा असेल की नाही, हे सगळं त्या कागदात असतं.

सप्तपदी झाली म्हणून अमेरिकेचं दार उघडत नाही. ते उघडतं नवऱ्याच्या कागदाप्रमाणे. म्हणून आज या कागदांबद्दलच बोलू या.

थोडं मागचं

आज घरटी एक माणूस अमेरिकेत, असं आपण गमतीनं म्हणतो. पण एके काळी त्या देशाचे दरवाजे आपल्याला जवळजवळ बंद होते. १९४६ साली तिथे कायदा झाला आणि भारतातून वर्षाला अवघ्या १०० माणसांना कायमचं येऊन राहायची मुभा मिळाली. हो, शंभरच! पुढे १९६५ साली देशादेशांप्रमाणे माणसं मोजायची जुनी पद्धत मोडीत निघाली. आपले डॉक्टर, इंजिनियर जाऊ लागले ते त्यानंतर. या नव्या कायद्यात कुटुंब एकत्र आणण्याला मोठं स्थान मिळालं आणि नवऱ्यामागून बायका जाऊ लागल्या.

नवऱ्याचे तीन प्रकार!

स्वभावाचे नव्हेत हो, कागदाचे!

पहिला प्रकार अमेरिकन नागरिकाचा. त्याच्याकडे तिकडचा पासपोर्ट असतो. नागरिकाच्या बायकोला कायदा 'अगदी जवळचं माणूस' मानतो. तिच्यासाठी वर्षाला इतकेच व्हिसा, असा आकडा ठरवलेला नाही. तरी अर्ज, तपासणी, मुलाखत यांत अलीकडे वर्षाहून जास्त काळ जातो. म्हणजे लग्नानंतर लगेच जाता येईल हा समज इथेही खोटा ठरतो.

दुसरा प्रकार ग्रीन कार्डवाल्याचा. हा तिथे कायमचा राहू शकतो, पण नागरिक नसतो. त्याच्या बायकोसाठी वर्षाला ठरावीकच व्हिसा निघतात, त्यामुळे रांग लागते. ही रांग कधी भराभर सरकते, कधी काही वर्षं जागची हलत नाही. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली, याचं पत्रक तिकडचं परराष्ट्र खातं दर महिन्याला काढतं. मधल्या काळात नवरा नागरिक झाला तर बायको रांगेतून बाहेर निघून पहिल्या प्रकारात जाते. तेव्हा तो नागरिकत्वासाठी अर्ज कधी करणार आहे, हे आधीच विचारून ठेवावं.

आणखी एक बारकावा. मुलाला नोकरीच्या वाटेनं ग्रीन कार्ड मिळायचं असेल, तर ते मिळण्याच्या आधी लग्न झालेलं असणं फायद्याचं. तशा बायकोला त्याच्याच अर्जाच्या आधारानं मागून जाता येतं, वेगळी रांग लावावी लागत नाही. कार्ड हाती आल्यावर लग्न झालं की मात्र रांग आलीच.

तिसरा प्रकार नोकरीपुरत्या व्हिसावाल्याचा, म्हणजे आपल्याकडे सर्वांना पाठ झालेला 'एच-वन-बी'. याच्या बायकोला 'एच-फोर' मिळतो आणि तोही नवऱ्याची नोकरी असेपर्यंतच. ती लवकर जाऊ शकते, संसार थाटू शकते, कॉलेजात शिकूही शकते. पण निव्वळ या व्हिसावर तिला पगाराची नोकरी करता येत नाही. मे २०१५ पासून यात एक खिडकी उघडली. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा एक टप्पा, म्हणजे कंपनीनं त्याच्यासाठी केलेला 'आय-१४०' नावाचा अर्ज मंजूर झाला असेल, तर बायको कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते. नवऱ्याला सहा वर्षांच्या पुढे ठरावीक कारणानं मुदतवाढ मिळाली असली तरीही करू शकते. विद्यार्थी नवऱ्याच्या 'एफ-टू' बायकोला मात्र नोकरीची परवानगी नाहीच.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंची भाची एम.एस्सी. होऊन इथे ज्युनियर कॉलेजात शिकवत होती. मुलगा चांगला, सासरही चांगलं. पण 'एच-फोर' म्हणजे काय हे कुणी नीट विचारलंच नव्हतं. तिथे गेल्यावर पाच वर्षं तिला स्वतःचा एक डॉलर मिळवता आला नाही. मावशीला फोनवर ती म्हणायची, "भाजी आणायलासुद्धा मागून घ्यावे लागतात गं पैसे. तो देतो, पण मागावे लागतात." तिचा नवरा कधी वाईट वागला नाही. जाण्याआधी हे कळलं असतं तर तिनं कदाचित तिथलं शिक्षण घ्यायचं ठरवून, पैशाची सोय करूनच विमानात पाय ठेवला असता.

नोकरीच्या वाटेनं मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त जागा जात नाहीत. आपले लोक तर हजारोंनी अर्ज करून बसलेले! त्यामुळे "दोन वर्षांत कार्ड येईलच" असं कुणी म्हणालं, तर अर्जाची तारीख विचारा आणि त्या महिन्याच्या पत्रकाशी ताडून पाहा.

लग्नाची नोंद

हॉल, केटरर, शालू यांच्या धांदलीत नोंदणी मागे पडते. अमेरिकेच्या कचेरीला पत्रिका आणि अल्बम पुरत नाहीत, विवाह-नोंदणीचा दाखला लागतो. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे शहरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आणि गावात ग्रामसेवकाकडे नोंद होते. तीन साक्षीदार लागतात, भटजींची सहीही लागते. म्हणून भटजींना दक्षिणा देतानाच सहीचं सांगून ठेवा. नोंदणीसाठी दोघांनीही हजर राहायचं असतं, तेव्हा मुलगा परत जायच्या आत हे काम उरका.

मुलगा दुसऱ्या धर्माचा किंवा तिकडचाच गोरा असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो. त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि त्याआधी दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात ३० दिवस मुक्काम झालेला असावा लागतो. तीन आठवड्यांच्या रजेत हे बसत नाही, म्हणून मुलीनं स्वतःच्या जिल्ह्यात आधीच नोटीस देण्याची सोय पाहावी.

'के-वन' नावाचा एक वाग्दत्त वधूचा व्हिसाही असतो. तो फक्त नागरिकाच्या वाग्दत्त वधूला मिळतो, दोघं गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात आणि तिथे पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं. इथे लग्न लावून मग हा व्हिसा मागता येत नाही.

आणि एक धोक्याची सूचना. "तू आधी टूरिस्ट व्हिसावर ये, मग बघू" असं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. राहायचा बेत लपवून पाहुणी म्हणून जाणं ही त्यांच्या लेखी फसवणूक ठरते. पुढची दारं बंद होतात ती मुलीची.

अर्जाची वाट

नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या नवऱ्याच्या बायकोची वाट साधारण अशी असते.

नवरा तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे 'आय-१३०' नावाचा अर्ज करतो. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे त्याची फी कागदी अर्जाला ६७५ डॉलर, ऑनलाइन अर्जाला ६२५ डॉलर. तो मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे मुलीनं 'डीएस-२६०' हा फॉर्म भरायचा, त्याची फी ३२५ डॉलर, आणि नवऱ्यानं 'आय-८६४' हे हमीपत्र द्यायचं, त्याच्या तपासणीचे १२० डॉलर. हे आकडे बदलत असतात, पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या.

हे हमीपत्र नीट समजून घेण्यासारखं आहे. बायको सरकारवर भार होणार नाही, तिला मी पोशीन, असं नवरा त्यात लिहून देतो. त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी दाखवावं लागतं, कमी पडलं तर दुसरा कुणी जामीन आणावा लागतो. गंमत म्हणजे घटस्फोट झाला तरी ही हमी संपत नाही. बायको नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं जमेपर्यंत, किंवा ती तो देश कायमचा सोडेपर्यंत ती चालू राहते. दोघांपैकी कुणी दगावलं तरच मध्ये सुटते. या हमीपत्राची एक प्रत मुलीच्या ट्रंकेत असलीच पाहिजे.

मग मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे तपासणी, लसी, पासपोर्ट ऑफिसकडून पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, बोटांचे ठसे आणि शेवटी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. पूर्वी ही वकिलात ब्रीच कँडीला समुद्राकाठच्या लिंकन हाउसमध्ये होती. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.

नावांचा घोळ

हा खास आपल्याकडचा प्रश्न! लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहायची हौस आपल्याला भारी. माहेरची सुनीता सासरी सानिका होते. शाळेच्या दाखल्यावर सुनीता, नोंदणीच्या दाखल्यावर सानिका आणि पासपोर्टवर सुनीता, पण मधलं नाव वडिलांचं! आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. तिकडच्या साहेबाला मात्र या दोन वेगळ्या बायका वाटतात.

जन्मदाखल्याचीही तीच कथा. बाळाची नोंद जन्मल्यावर लगेच होते आणि बारसं बाराव्या दिवशी. मग दाखल्यावर नावाची जागा कोरीच राहते. हा दाखला महापालिकेतून आधीच नाव घालून घ्यावा. ऐन वेळी केलेलं प्रतिज्ञापत्र दर खेपेला चालेलच असं नाही.

माझं साधं म्हणणं असं आहे. तांदळांवर हवं ते नाव लिहा, हौसेला मोल नाही. पण सरकारी कागदांवर मुलीचं एकच नाव ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे अशी अट ना आपल्या सरकारची आहे, ना त्यांच्या.

मुलाखतीला जाताना

मुलाखतीत पाहतात ते इतकंच, की हे लग्न खरं आहे की नुसतं व्हिसासाठी लावलेलं. कुठे भेटलात, पसंती कशी झाली, लग्नाला कोण कोण होतं, नवरा काय काम करतो, त्याला भावंडं किती, असे साधे प्रश्न असतात. पाहून ठरवलेल्या लग्नाची लाज वाटण्याचं कारण नाही. "मावशीनं स्थळ सुचवलं, दोनदा भेटलो, मग रोज फोनवर बोलत होतो" हे खरं असेल तर तसंच सांगावं. पाठ केलेली उत्तरं पोपटासारखी म्हणू नयेत. ठेवणीतल्या अल्बमबरोबर साधे घरगुती फोटोही न्यावेत. प्रवासाची तिकिटं, एकमेकांना पाठवलेले पैसे, फोनवरच्या बोलण्याच्या नोंदी असा पुरावा लग्नाआधीपासून जपून ठेवावा.

दोन वर्षांचं कार्ड

अमेरिकेत पाऊल टाकलं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झाली नसतील, तर मुलीला मिळणारं ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं असतं. लग्नाच्या नावाखाली चालणारी फसवणूक रोखण्यासाठी १९८६ साली ही अट घातली गेली. कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोनं मिळून 'आय-७५१' हा अर्ज करायचा असतो. तो मंजूर झाला की दहा वर्षांचं कार्ड येतं. दोन वर्षं आधीच झालेली असतील तर दहा वर्षांचंच मिळतं.

यात 'मिळून' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. "सही करणार नाही, तुला परत पाठवीन" ही धमकी इथूनच येते. अशी धमकी ऐकणाऱ्या मुलीला बहुधा ठाऊक नसतं की हा अर्ज तिला एकटीलाही करता येतो. लग्न खऱ्या मनानं केलं होतं पण घटस्फोट झाला, किंवा नवऱ्यानं छळ केला, हे दाखवता आलं तर कायदा त्याच्या सहीची अट माफ करतो.

दिवस फिरले तर

शुभकार्याच्या गोष्टीत हे बोलू नये असं वडीलधारी म्हणतील. पण विमा उतरवताना आपण अशुभ चिंततो का? तसंच हे!

१९९४ साली अमेरिकेत महिलांवरील अत्याचारांविरुद्ध कायदा झाला. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नवरा मारहाण किंवा अतोनात छळ करत असेल, तर त्या कायद्याखाली बायको स्वतःच स्वतःसाठी अर्ज करू शकते. हे नवऱ्याला कळवलं जात नाही. घटस्फोट झाला असेल तर दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. 'एच-फोर'वर असलेल्या छळ झालेल्या बायकोला ही वाट नाही, पण कामाचा परवाना मागण्याची वेगळी तरतूद आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणे वधूला तिच्या हक्कांची माहिती देणारी पुस्तिका द्यावी लागते. ती ज्या भाषांत काढायला कायद्यानं सांगितलं त्यांत हिंदीही आहे. ती वाचल्याशिवाय बॅगेत ठेवू नका.

मदतीला आपल्याकडच्या बायकांनी उभ्या केलेल्या संस्थाही तिथे आहेत. न्यू जर्सीत १९८५ पासून 'मानवी', न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून 'सखी', कॅलिफोर्नियात १९९१ पासून 'मैत्री'. जिवावर बेतलं तर ९११, आणि सल्ल्यासाठी देशभर चालणारा १-८००-७९९-७२३३ हा फोन. हे दोन आकडे मुलीला आपल्या वाढदिवसासारखे पाठ हवेत.

नवरा बायकोला इथेच ठेवून नाहीसा होतो, अशाही गोष्टी घडतात. १९९४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. अमेरिकेतल्या नवऱ्याच्या पत्रांवर विश्वासून मुलीनं चांगली नोकरी सोडली आणि तिकडे त्यानं विवाह रद्द करून घ्यायचा अर्ज लावला. अशा स्त्रियांच्या संरक्षणासाठी कायदा हवा, असं न्यायालयानं तेव्हाच सुचवलं. दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी वेगळा कक्ष आहे. तिथे तक्रार करता येते. परदेशी कोर्टाचा घटस्फोटाचा कागद पोस्टानं आला म्हणून सगळं संपलं असं समजू नये. असा प्रत्येक निकाल आपल्याकडे मानला जातोच असं नाही, हे १९९१ सालीच सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे. नोकरी सोडण्याची घाई मात्र कुणी करू नये. व्हिसा हातात पडेपर्यंत बिनपगारी रजा बरी, राजीनामा नको.

मुलीच्या हातात काय असावं

पापड, लोणची, गोडा मसाला आपण न विसरता देतो. त्याबरोबर हेही द्या :

* मुलीचा पासपोर्ट, कायम तिच्याच ताब्यात. 'हरवेल म्हणून' सासूबाईंकडे किंवा नवऱ्याकडे ठेवायला देऊ नये.
* विवाह-नोंदणी, जन्म आणि शिक्षणाचे दाखले. प्रत्येकाची एक प्रत माहेरी, एक ईमेलवर.
* नवऱ्याच्या नागरिकत्वाची, कार्डाची किंवा व्हिसाची प्रत. ती बोलणी पक्की होण्याआधी मागावी. प्रामाणिक मुलगा ती आनंदानं देतो.
* 'आय-१३०' आणि 'आय-८६४'च्या प्रती, फाइलीचा नंबर, आणि कार्डाची मुदत कधी संपते ती तारीख.
* तिच्या एकटीच्या नावाचं बँकेचं खातं आणि परतीच्या तिकिटाएवढे पैसे.

बोलणी करताना हे सगळं विचारायला अवघड वाटतं, मलाही पटतं. पण ते विचारायचं काम वडिलांवर किंवा मामांवर टाकू नका. मुलीनं स्वतःच मुलाला विचारावं, गोड बोलून पण स्पष्ट विचारावं. जिला पुढे त्या कागदांवर जगायचं आहे, तिला ते वाचता आले पाहिजेत. आपल्या मुलींची इंग्रजी तेवढी नक्की चांगली आहे. आपण फक्त त्यांना फॉर्म भरायला पुढे बसवायचं, आणि सह्या करण्याआधी वाचायची सवय लावायची.